दोन बोटं माया

बोहारणीला भांडं देऊन तिच्याकडून जुनं कापड घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या एका वाड्यात ती राहायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. बोहारीण गल्लीत आली की बाकीच्या बायका शर्ट, साड्या, धोतरं घेऊन बाहेर येत आणि स्टीलच्या पातेल्यासाठी घासाघीस करत. मावशी सगळ्यात शेवटी यायची, हातात एखादा जड पितळी डबा घेऊन. डबा बोहारणीपुढे ठेवायची आणि तिला तिचं गाठोडं सोडायला लावायची.

मग ती एकेक कपडा उचलून उन्हात धरायची. जिथून ऊन जास्त आत येई, तिथे कापड विरलेलं. दोन्ही अंगठ्यांत पकडून आधी उभं ताणायची, मग आडवं, मग उरेब. पुरुषाचा शर्ट कॉलरला, कोपराला आणि बगलेत जातो, पाठ मात्र शाबूत राहते. पँट गुडघ्याला आणि बसायच्या जागी जाते, पोटऱ्यांपाशी नव्यासारखी असते. सुती नऊवारी मधोमध विरते, पण काठ आणि पदर तिच्या मागे उरतात. हे सगळं मी त्या ओसरीवर उभी राहून शिकले. फाटलेल्या कपड्यात न फाटलेलं कापड किती असतं, हे तोवर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी तिच्याकडे शिवण शिकायला गेले ते सिंहस्थाचं वर्ष होतं, २००३. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिचे फ्रॉक आपण घरी शिवावेत एवढीच हौस. पहिल्या दिवशी मेनरोडवरून दोन मीटर नवं पॉपलीन घेऊन गेले. मावशीनं ते हातात घेतलं, हुंगलं आणि फडताळाच्या वरच्या खणात ठेवून दिलं.

"हे शेवटी," ती म्हणाली. "आधी हे उसव." आणि तिनं एक जुना सदरा माझ्या मांडीवर टाकला.

जवळजवळ महिनाभर मी फक्त उसवत होते. मला राग यायचा. पहिला सदरा तर मी ब्लेडनं सरासर कापत सुटले आणि खांद्याचं कापडच चिरलं. मावशी बोलली नाही. तो चिरलेला तुकडा तिनं माझ्या समोरच्या खिळ्याला टांगून ठेवला. त्यानंतर मी एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायला शिकले. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. कपडा ज्या क्रमानं शिवलेला असतो, त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं तो उलगडतो. आधी खालची दुमड सुटते, मग बगलेपासून कंबरेपर्यंतची बाजू, मग बाही, मग कॉलर, सगळ्यात शेवटी खांदा. सदरा उलगडून जमिनीवर पसरला की तो शिवणाऱ्या शिंप्याचा सगळा विचार समोर अंथरलेला असतो. मुंढ्याची गोलाई पुढच्या भागात जास्त खोल आणि मागच्या भागात कमी का, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. उसवलेल्या सदऱ्यानं सांगितलं.

आणि तिथेच मला माया दिसली.

शिवणीच्या बाहेर, आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. कपडा घट्ट झाला की शिवण उसवून ही माया सोडायची. या दोन बोटांच्या कापडाला आपल्या भाषेनं हाच शब्द द्यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या पँटच्या मागच्या शिवणीत चांगली इंच-दीड इंच माया निघायची. ब्लाउजच्या बाजूंना दोन-दोन, तीन-तीन टिपा असायच्या. अंग भरलं की आतली एक टीप उसवायची, बाहेरची तयारच. रेडीमेड शर्ट उसवले, तर तिथे पाव इंचावर ओव्हरलॉक मारून सगळं छाटून टाकलेलं. तसा शर्ट लहान करता येतो, मोठा करता येत नाही. ज्यानं तो शिवला, त्यानं घालणाऱ्याच्या उद्याचा विचारच केलेला नव्हता.

माझी चूक त्याच वर्षी दिवाळीत झाली. सासूबाईंची एक जुनी येवल्याची पैठणी होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्यानं ती घड्यांवर विरली होती. नेसण्याजोगी राहिली नव्हती, पण पदरावरचे मोर अजून झळझळीत होते. सासूबाईंनीच ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, नातीला परकर-पोलकं कर. मावशीला न दाखवता मी घरीच कातर चालवली. मला पाठीवर एक अख्खा मोर बसवायचा होता. कापड पुरेना, म्हणून बाजूंची माया खाल्ली. पाव इंच ठेवली, बस. उरलेली कात्रणं केरात टाकली आणि ती सकाळच्या घंटागाडीत गेली.

पाडव्याच्या संध्याकाळी लेकीनं ते घातलं. घर नुसतं बघत राहिलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लेकीनं आकाशकंदिलाकडे दोन्ही हात उंचावले आणि दोन्ही बगलांत पोलकं चरकन गेलं. टाके तसेच होते. टाक्यांच्या कडेनं रेशीमच निसटून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पदराखाली झाकून मावशीकडे गेले. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कात्रणं कुठायत?"

मी खाली बघितलं.

ती उठली. तिच्याकडे पत्र्याची एक मोठी पेटी होती. तिच्यात रंगवार बांधलेल्या चिंध्यांच्या मोळ्या होत्या, बटणांच्या बाटल्या होत्या, उसवलेल्या दोऱ्यांची रिळं होती. तिनं एक धुवट धोतर काढलं आणि एक हिरवा इरकली खण. आधी पैठणीचा प्रत्येक भाग तिनं धोतराच्या अस्तरावर टाचला. म्हणाली, "आता ओढ रेशमावर नाही, धोतरावर येईल. म्हाताऱ्या कापडाला धरून चालवावं लागतं." मग बगलेत बसवायला खणाचे दोन चौबगले कापले आणि त्यांच्या खाली कंबरेपर्यंत हिरव्या पट्ट्या.

जांभळ्या पैठणीत हिरवा खण. मला रडू यायला लागलं. "मावशी, हे दिसेल हो."

"दिसू दे. पुढच्या बाईला कळेल कुठं उसवायचं ते."

मला ते तेव्हा कळलं नाही. पुढची बाई कोण? पोलकं माझ्या लेकीचं, उसवलं तर मीच उसवणार. मी विचारलं, तेव्हा मशीन न थांबवता ती सांगत गेली. ती लहान असताना, १९४३ साली, लढाईच्या दिवसांत सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं. घराघरांत ते दिवस कंट्रोलचे दिवस म्हणूनच लक्षात राहिले. मावशीच्या घरी मुली तीन. सणाला एकच पोलकं व्हायचं, ते थोरलीला. मग ते मधलीकडे, मग मावशीकडे. मावशी धाकटी, पण अंगानं भरलेली.

"आईनं मला नवं पोलकं कधीच शिवलं नाही," ती म्हणाली. "पण ताईच्या प्रत्येक पोलक्यात माझी माया ठेवलेली असायची."

पुढे बऱ्याच वर्षांनी मी किमोनोविषयी वाचलं, तेव्हा मला मावशीच आठवली. जपानी किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवतात. कापड छाटत नाहीत, जास्तीचं शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. पूर्वी तो नीट धुवायचा म्हणजे सगळा उसवायचे, पट्ट्या धुऊन ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. त्यामुळे आईचा किमोनो लेकीच्या मापाचा करता यायचा. उसवायचं आहे हे धरूनच तिथे शिवायला बसायचे. ओसरीवरच्या बाईला जपान कुठं आहे ते सांगता आलं नसतं, पण त्या बायकांशी तिचं बोलणं सहज जुळलं असतं.

माझं पॉपलीन तिनं पुढच्या उन्हाळ्यात खाली काढून दिलं. तोवर मी जुन्या कापडातून बारा झबली, चार टोपडी, सासऱ्यांच्या दोन पँटींच्या पिशव्या आणि लेकीचे तीन फ्रॉक शिवले होते. नव्या कापडावर कातर ठेवताना हात थरथरला नाही. खरं तर त्याची तितकी ओढही उरली नव्हती.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते परकर-पोलकं लेकीनं जेमतेम दोन दिवाळ्या घातलं, मग ते कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत पडून राहिलं. यंदा पुतणीनं ते तिच्या मुलीसाठी मागितलं. मुलगी सात वर्षांची. मापं घेतली तर छातीला अडीच इंच कमी. मी म्हटलं, हे व्हायचं नाही. तरी सवयीनं पोलकं उलटं केलं आणि अस्तराच्या आत बोट घातलं.

हिरव्या पट्टीच्या मागे काहीतरी जाड लागलं. पट्टी दुहेरी दुमडलेली होती. बाहेरच्या बाजूची टीप बारीक आणि पक्की, पांढऱ्या दोऱ्याची. तिच्या आत दुसरी टीप, लांब टाक्यांची, सैल, लालभडक दोऱ्याची. इतक्या सुबक कामात हा लाल दोरा दुसऱ्या कशासाठी असणार? टोकाला दोन बोटं दोरा मोकळा सोडलेला होता. मी तो चिमटीत धरून ओढला. एकही टाका न अडता सगळी शिवण वरपासून खालपर्यंत सुटली. आतला खण उलगडला. बाहेरचा हिरवा उन्हानं फिका झालेला, आतला कालच मागावरून उतरल्यासारखा. दोन्ही बाजूंनी मिळून पावणेतीन इंच.

पुतणीच्या मुलीला पोलकं बसलं. दोन हिरव्यांमधली रेघ स्पष्ट दिसत होती. पुतणी म्हणाली, "काकू, ही रेघ झाकता येईल का?" मी नको म्हटलं.

पण आता आत काही उरलं नव्हतं. ह्यांचा एक जुना शर्ट काढून मी उन्हात धरला. पाठ चांगली होती. त्यातून दोन पट्ट्या बेतल्या, दुहेरी दुमडून खणाच्या आत बसवल्या. बाहेरची टीप पक्की मारली. मग मशीनचा वरचा ताण सैल केला, टाका लांब केला आणि डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ शोधून काढलं.