परतणाऱ्या प्रकाशाची वाट

प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने माघारी येऊ शकतो. भिंग असो वा ऑप्टिकल फायबर, कोणी त्याला आडकाठी करत नाही. लेसरला मात्र हे परतणे सोसत नाही. फायबरच्या सपाट टोकाशी, काच संपून हवा सुरू होते तिथून, सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो आणि लेसरमध्ये शिरून त्याची तीव्रता व तरंगलांबी डळमळीत करतो. म्हणून लेसरपुढे आयसोलेटर बसवतात: ठरावीक प्रतलात कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणारे, एकमेकांशी ४५ अंशांनी कललेले दोन ध्रुवक आणि मध्ये चुंबकात ठेवलेला गार्नेटचा स्फटिक.

चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचे हे कंपनाचे प्रतल, म्हणजे ध्रुवणप्रतल, फिरते, हे मायकेल फॅरेडेने १८४५ मध्ये दाखवले. साखरेच्या पाण्यातून जाताना फिरलेले प्रतल येताना उलगडते. चुंबकातल्या स्फटिकातून जाताना ४५ अंश फिरलेले प्रतल येताना मात्र त्याच बाजूला आणखी ४५ अंश फिरते. एकूण ९० अंश झाले, की पहिल्या ध्रुवकातून वाट उरत नाही.

प्रकाशाचे आणि चुंबकत्वाचे नियम काळाची उलटी दिशाही मान्य करतात, मग ही एकेरी वाट आली कुठून? प्रकाश उलटला, चुंबक तसाच राहिला, यातून. चुंबकातले सूक्ष्म प्रवाहही उलटे केले, तर प्रकाश आल्या वाटेने बिनबोभाट परतेल. औंढा नागनाथची आख्यायिका इथे आठवते: नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि समोरासमोरचे नाते टिकले. आयसोलेटरमधला चुंबक असा फिरत नाही, आणि त्याचे सारे काम त्या न फिरण्यावरच चालते.

याहून खोल शंका उष्णतेची आहे. सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंमध्ये अशी एकेरी वाट ठेवली, तर एक आपोआप तापत जाईल आणि ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडेल. लॉर्ड रॅले यांनी १९०१ मध्ये या शंकेचा विचार केला. तिचे उत्तर असे, की अडवलेला प्रकाश नाहीसा होत नाही, ध्रुवकावरून बाजूला निघतो. बाजूच्या वाटांवर आरसे लावले, तर हेलपाटे घालत तो अखेर पहिल्या वस्तूपाशी पोचतो. शोषून घेतला, तर शोषणारा तापतो आणि स्वतःच किरण सोडू लागतो. हिशेब कुठेही बुडत नाही.

त्याच औंढा नागनाथच्या परिसरात, हिंगोली जिल्ह्यात, गुरुत्वीय लहरी लेसरने टिपणारी, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. अशा वेधशाळेत आरशांकडून माघारी आलेला प्रकाश आयसोलेटर लेसरकडे जाऊ देत नाही. तो बाजूला काढून संवेदकांवर सोडला जातो, आणि आरसे नेमक्या जागी आहेत की सरकले, हे त्यावरून वाचले जाते.