पक्षीदर्शनाचा नेम

व्रत म्हणून पाळायचा तोही नेम आणि गोफणीने धरायचा तोही नेम. मराठीत शब्द एकच आहे. पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी सुटी आखली की हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. जे आपण होऊन दर्शन देते, ते ठरल्या दिवशी, मोजलेल्या पैशांत मिळालेच पाहिजे असा हक्क सांगता येतो का?

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे या प्रश्नाचा विचार करायला सोयीचे गाव आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून येथे मुक्कामाला येते आणि पुढे इंदापूरला जाते. याच तालुक्यात हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या काठांवर कॅमेरेवाल्यांच्या गाड्या लागतात. त्यांना हवा असतो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ज्या पाण्यावर तो उतरतो ते उजनी धरणाचे; धरण पुरे झाले 1980 मध्ये. पळसदेवचे जुने देऊळ त्याच पाण्याखाली आहे आणि पाणी फार ओसरले की उघडे पडते. थोडक्यात, शहरातून येणारा ज्याला अस्सल निसर्ग समजतो, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेते आहेत.

आगाऊ आखणी करण्यात दोष नाही. वारीइतकी काटेकोर आखणी दुसरीकडे क्वचितच दिसेल: मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे क्रम ठरलेले. मात्र हा नेम चालणाऱ्याला बांधतो, विठ्ठलाला बांधत नाही. पंढरपूरच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत न पोहोचलेले असंख्य वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कुणी म्हणत नाही. पक्षीसहलीत नेमके उलटे घडते. खोली, गाडी, नाव, सगळ्याचे पैसे आधी भरलेले असतात. मग पैसे वसूल व्हायला हवेत, आणि ती वसुली शेवटी पक्ष्याकडून होते.

ती कशी होते हे नावेतून स्पष्ट दिसते. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालतो, चोच उलटी धरतो, पायांनी चिखल ढवळतो आणि चोचीतून पाणी गाळून शेवाळ व बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. पिल्लू करड्या रंगाचे असते. तो चरत असतो तेव्हा लांबून थवा बराचसा पांढुरका दिसतो. पंखांखालचा लाल-काळा पट्टा उघडतो तो उडताना, आणि फोटो हवा असतो नेमका त्या क्षणाचा. मग नाववाल्याला ‘अजून थोडं पुढं घ्या की’ असा आग्रह होतो. थवा आधी चरणे थांबवतो, माना वर करतो, एका दिशेला चालू लागतो. तरीही नाव थांबली नाही तर पाण्यावर धावत धावत उठतो. त्याचे खाणे तुटते, उडण्यात शक्ती जाते. समंजस नाववाला माना वर होताच इंजिन बंद करतो. पण त्याची त्या दिवसाची कमाई पुढच्या बाकावर बसलेली असते.

अशा कृतीला जैन आचारशास्त्रात अचूक शब्द आहे: अनर्थदंड, म्हणजे निष्कारण केलेली इजा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत, देशव्रत आणि अनर्थदंडविरती ओळीने येतात. दिग्व्रतात कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा माणूस स्वतःच घालून घेतो. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तर विनाकारण भटकणे आणि दुसऱ्याला भटकायला लावणे हेही अनर्थदंडातच मोडते. शेती किंवा स्वयंपाकात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे या विचाराला मान्य आहे. म्हणूनच जी सहज टाळता येते, तिचा तो कसून हिशेब मागतो. चौकटीत पंख उघडे यावेत म्हणून थवा उठवणे या व्याख्येत चपखल बसते.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. फोटोंमुळे पक्ष्यांच्या नोंदी होतात, काठच्या मच्छीमारांना मासेमारीपलीकडे उत्पन्न मिळते, आणि ज्या पाणथळीला कुणी विचारत नव्हते तिला विचारणारे भेटतात. तेव्हा कॅमेऱ्यालाच पाप म्हणणे उथळपणाचे होईल. अपरिग्रहाच्या कडक कसोटीवर हजारो छायाचित्रांचा साठाही परिग्रहच ठरेल. पण तो ज्याचा त्याला भोवेल. थवा उठवण्याची किंमत मात्र पक्षी देतो, म्हणून हे दोन दोष एका मापाने मोजता येत नाहीत.

सुटी कॅरिबियन बेटांवर आखली तरी प्रश्न सुटत नाही. बोनेअर बेटावर पेकेलमीर येथे मिठागरांमध्ये अमेरिकन रोहित वीण करतात. हा रोहित आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी गडद. तेथे विणीच्या जागेत पर्यटकांना प्रवेश नाही; रस्त्यावरून, लांबूनच पाहावे लागते. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून जाणाऱ्यालाही कळसदर्शनावरच समाधान मानावे लागते. दिग्व्रत पाळणारा तर निघण्याआधीच विचारील, इतके लांब जायचे कारण काय?

निमगाव केतकीकराला उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांनी वर्षानुवर्षे घरटी केली आहेत. विणीच्या दिवसांत खाली कागदपत्रे घेऊन लोक ताटकळत असतात आणि वर लांब पिवळ्या चोचींचे पक्षी पिल्लांना मासे भरवत असतात. त्यांच्यासाठी कुणी आगाऊ पैसे भरलेले नसतात. शिट पडू नये म्हणून कुणी गाडी झाडाखालून बाजूला घेतो, वर पाहतो आणि आपला नंबर येईपर्यंत तसाच पाहत राहतो.