झोळी नको, मग तयारी कसली?

आजचं वाचन : लूक 10:1-9

कुठेही निघायचं म्हटलं की आपण आधी यादी करतो. प्रभूने बहात्तर शिष्यांना दोघं-दोघं करून पुढे पाठवलं तेव्हा त्यानेही यादीच दिली, पण काय न्यायचं नाही याची. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. आणि पुढे घाईत वाचलं तर निसटून जाईल अशी एक सूचना आहे. ज्या घरी उतराल तिथेच राहायचं आणि ते वाढतील ते खायचं.

युथच्या मीटिंगमध्ये दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आफ्रिकेत मिशनला जायचं तर तयारी काय करायची? कुणाला सिस्टर व्हायचं असतं, कुणी नर्सिंग केलेलं असतं, कुणाला फक्त सहा महिने द्यायचे असतात. उत्तरंही लगेच येतात. कपडे गोळा करू, औषधं नेऊ, देणगी जमवू. सगळं देण्याचं. देणाऱ्याचा हात मात्र नेहमी वर असतो. ज्याच्या झोळीत सगळं आहे त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मग ते घर आतून कसं आहे, हे त्याला कळणार तरी कसं? ज्यांना आपण सरसकट ‘गरीब’ म्हणतो, त्यांच्याकडून काही घ्यायची आपली तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

(झोळी नको म्हणजे लस नको, असा अर्थ कृपया काढू नका! पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल. आणि याच लूकने 22व्या अध्यायात लिहून ठेवलंय की पुढे प्रभूनेच शिष्यांना थैली घ्यायला सांगितलं. आजारी पडून यजमानांवर भार टाकणं ही काही श्रद्धा नव्हे.)

नाशिकचा शरणपूर रोड ऐकून माहीत असेल. तिथे शरणपूरला 19व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचं एक केंद्र होतं. गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यातली कितीतरी तिथे वाढली. लिहिणं-वाचणं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, ख्रिस्ती झाली. पुढे त्यातले काही जण मिशनच्या कामासाठी पूर्व आफ्रिकेत परत गेले. लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. 1873 मध्ये आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा प्रार्थना वाचली ती याने, झाडावर त्यांचं नाव कोरलं ते याने, आणि त्यांचा देह महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतही हा होता.

आता याहून जास्त तयारी कुणाची असणार? तरीही 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रेरटाउन वसलं (नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं), तेव्हा तिथे या माणसांना दुय्यम जागा मिळाली. पगारावरून, मानावरून खटके उडाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा मिळायला 1885 उजाडलं. ज्यांना तो मुलूख आपला होता त्यांच्याकडून शिकायची तयारी युरोपातून आलेल्यांची नव्हती. पेट्या भरभरून आणल्या होत्या, पण पाहुणा व्हायला कुणी आलं नव्हतं.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया आठवा. येशूसंघीयांबरोबर तरुणपणीच जपानला गेला, तिथे राहून भाषा शिकला, धर्मशिक्षण देऊ लागला. पण येशूसंघात त्याला घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला. मिशनरी म्हणून ती वर्षं फुकट गेली, असं कुणालाही वाटलं असतं. पण बाजारात माणूस घेतो आणि देतो, दोन्ही करतो, आणि भाषा तिथेच जिभेवर बसते. मनिलात तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता, आणि तो वसईकर होता. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत दोघंही क्रुसावर गेले.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगेन, देणगी नंतर, आधी एक वर्ष भाषा शिका. केनिया-टांझानियाला जायचं असेल तर स्वाहिली. त्यात ‘चपाती’ आहे, ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी. आपल्या किनाऱ्याचे शब्द आपल्या आधी तिथे पोहोचलेत.

आणि नालासोपारा तर ट्रेनने दहा मिनिटांवर आहे. तिथे आफ्रिकेतून आलेले भाडेकरू आहेत. त्यांना खोली देताना सोसायटीत काय काय बोललं जातं, ते तुम्हीही ऐकलंय. आपण गोरे नाही, म्हणून फ्रेरटाउनची गोष्ट आपली नाही, असं मला तरी म्हणवत नाही. त्यांच्यातले कितीतरी रविवारी प्रार्थनेला जातात. त्यांच्या घरी कधी जेवलोय आपण? त्यांनी वाढलेलं, काय आहे ते न विचारता?

प्रार्थना : प्रभू, परक्याच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायची लाज माझ्यातून काढून टाक. आमेन.