पारितोषिक आणि परितोष

मनुष्य एखाद्या समारंभास अतिथी म्हणून जातो, तेव्हा आपण तेथे काही देणे लागतो असे त्याच्या मनात सहसा येत नाही. आमंत्रण यजमानाने दिले, आसन त्याने राखून ठेवले, अल्पोपहाराची तजवीज त्याने केली. आपण नीटनेटका पोशाख करून वेळेवर जावे, योग्य त्या ठिकाणी टाळ्या वाजवाव्या आणि परत यावे, एवढेच अतिथीचे कर्तव्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचीही परवापरवापर्यंत तीच होती. ती कशी ढळली हे सांगण्यापुरताच आमचा वृत्तान्त येथे देतो. पुढील विचार केवळ आमच्यापुरता नाही असे वाटल्यावरूनच तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

आम्ही लोणंदचे राहणारे. लोणंद हे सातारा जिल्ह्यातील बाजाराचे गाव. कांद्याची पेठ आणि आषाढीच्या वारीत पडणारा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, ह्या दोन गोष्टींमुळे ते बाहेरच्यांस ठाऊक. अशा गावच्या माणसास मुंबईतील एका झगमगीत संगीत-पुरस्कार समारंभाचे आमंत्रण येण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. परंतु आमचे एक आप्त ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहेत; त्यांच्या खटपटीने एक पत्रिका आमच्या वाट्यास आली, आणि तीही पुढच्या रांगेतली.

समारंभाच्या थाटाचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. दारापासून अंथरलेला तांबडा गालिचा, छायाचित्रकारांची झुंबड, डोळे दिपविणारे दिवे, दर घटकेस रंग पालटणारे व्यासपीठ, हे सर्व यथास्थित होते, आणि आम्हांस ते आवडलेही. अखेरीस एका वयोवृद्ध गायिकेस जीवनगौरव अर्पण करण्यात आला. मानपत्राचे वाचन झाले, शाल पांघरण्यात आली, आणि निवेदकाने बाईंस दोन ओळी गाण्याची विनंती केली. बाई क्षणभर थांबल्या. मागे तंबोरा नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि गावयास आरंभ केला.

नेमके त्याच वेळी शेजारच्या गृहस्थांनी आमचे गाव विचारले. आम्ही सांगितले. ‘‘लोणंद? म्हणजे कांद्याचे. यंदा भाव काय आहे हो तिकडे?’’ सभ्य माणसाच्या प्रश्नास सभ्यपणे उत्तर द्यावे म्हणून आम्ही भाव सांगितला. गेल्या वर्षीचा सांगितला. पावसाने साठवणीतला माल कसा सडला तेही सांगितले. इतक्यात सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. सर्वजण उभे राहिले, आम्हीही उभे राहिलो, आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजविल्या.

घरी आल्यावर सर्व हकीकत रंगवून सांगितली. कुटुंबाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘पण अहो, त्या बाईंनी गायलं काय?’’ आम्हांस उत्तर देता आले नाही. शालीचा रंग सांगता आला, गाणे सांगता आले नाही. ज्या टाळ्या आम्ही वाजविल्या त्या कशाबद्दल होत्या, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

‘पारितोषिक’ हा शब्द आपण नित्य वापरतो. त्यात ‘परितोष’ दडलेला आहे ह्याचे स्मरण ठेवीत नाही. ऐकणाऱ्यास पाहणाऱ्यास जो अंतःकरणपूर्वक संतोष होतो तो परितोष, आणि त्याच्या पोटी जे दिले जाते ते पारितोषिक. कालिदासाच्या शाकुंतलातील सूत्रधार, विद्वानांचा परितोष होईपर्यंत आपल्या प्रयोगकौशल्यावर विश्वास ठेवावयास तयार नाही. पण त्याच प्रस्तावनेत ह्याहूनही मार्मिक गोष्ट आहे. नटी ग्रीष्माचे गीत गाते, आणि त्या गीताने सूत्रधार इतका ओढला जातो की आज कोणते नाटक करावयाचे हेच तो विसरतो; नटीला त्याची आठवण करून द्यावी लागते. गाण्यापायी समारंभ विसरणारा तो एक, आणि समारंभापायी गाणे विसरणारे आम्ही एक. ज्याचा परितोष झालाच नाही त्याने दिलेले पारितोषिक, किंवा त्याने वाजविलेली टाळी, ही खरी काय?

ह्यावर कोणी म्हणेल, मग हे मानसन्मान हवेतच कशाला? खरा कलावंत फळाची आशा धरीत नाही. त्याने गावे आणि मुकाट्याने निघून जावे. हे मत ऐकण्यास उदात्त आहे, परंतु ते बहुधा देणाराच्या तोंडी असते, घेणाराच्या नव्हे. म्हणून त्याविषयी सावध असावे. लोणंदच्या स्टेशनावरून पुण्याकडे जाणारी वाट आम्हांस त्या समारंभास घेऊन गेली. त्याच लोहमार्गाने उलट दिशेस गेले म्हणजे मिरज लागते, आणि ह्या मताचे उत्तर मिरजेस सापडते.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस असताना कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्यापाशी शिकत होता. डोळे अधू झाल्यामुळे शाळा सुटलेला हा मुलगा म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. मिरजेतील एका सार्वजनिक समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांस आले. गुरूंस मात्र आले नाही. चौकशी करता, ते काय, एक गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तो घाव विष्णुबुवांच्या जिव्हारी लागला. 1896 साली त्यांनी मिरज सोडली, दरबारांबाहेर तिकीट लावून जाहीर गायन केले, आणि 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गवयास समाजात मानाचे स्थान मिळवून देणे हे त्यांच्या आयुष्याचे ध्येय झाले. आज कुलीन घरांतील मुलेमुली उघडपणे गाणे शिकतात, ह्यात त्या एका न आलेल्या आमंत्रणाचा वाटा थोडा नाही. ज्या मिरजेत हे घडले तेथे गाण्याचे शौकीन नव्हते असे मुळीच नाही. गाणे त्यांस हवे होते. गवई मात्र पंक्तीस नको होता. तेव्हा, कलावंतास मानाची गरज नाही हे म्हणणे त्यास पंक्तीबाहेर ठेवणारांच्या सोयीचे आहे.

दुसरा प्रसंग अलीकडचा. चित्रपटसृष्टीतील फिल्मफेअर पारितोषिके 1954 साली सुरू झाली. त्या वर्षी पारितोषिके पाचच होती, आणि संगीताचे एकमेव पारितोषिक ‘बैजू बावरा’साठी संगीतदिग्दर्शक नौशाद ह्यांस मिळाले. कथा एका गवयाची. तीत अमीर खाँसाहेबांबरोबर गायिलेले दुसरे गायक होते दत्तात्रेय विष्णु पलुसकर, विष्णुबुवांचे चिरंजीव. नौशाद त्या मानास पूर्ण पात्र होते. परंतु ज्यांच्या कंठातून ते संगीत लोकांच्या कानी गेले त्या गायकांसाठी पारितोषिकच नव्हते. बापाने गवयास सभेत नेऊन बसविले. मुलाच्या काळी सभेने चालीस मान दिला आणि कंठास गृहीत धरले.

हा अन्याय बोलून दाखविण्याचे धैर्य जिचे बालपण सांगलीत गेले अशा मुलीने दाखवावे, हा योगायोग आम्हां सातारा-सांगलीकरांस अभिमानाचा वाटल्यावाचून राहत नाही. 1957 साली ‘चोरी चोरी’ चित्रपटाच्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन ह्यांस पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात त्यातील गाणे गाण्याविषयी लता मंगेशकर ह्यांस विनंती करण्यात आली. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतदिग्दर्शकाचे आहे, गायकाचे नाही. मग गायकाने तेथे का गावे, अशी त्यांची भूमिका होती. 1959 साली पार्श्वगायनासाठी पारितोषिक सुरू झाले आणि ‘मधुमती’तील गीताबद्दल ते प्रथम त्यांसच मिळाले. पुढे 1970 साली, नव्या गळ्यांस वाव मिळावा म्हणून, आपला विचार यापुढे करू नये असे त्यांनीच सांगितले. ह्या दोन कृत्यांत काहींस विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. आधी जे मागितले ते न्याय म्हणून मागितले, आणि न्याय पदरी पडल्यावर जे सोडले ते औदार्याने सोडले. न्याय मिळण्यापूर्वीच औदार्याची अपेक्षा करणे हे मात्र अन्यायाचेच दुसरे नाव आहे.

एवंच सन्मान हवा, आणि तो ज्याचा त्यास हवा. ह्या दृष्टीने पाहू जाता त्या दिवशीच्या सभेत काय उणे होते? विष्णुबुवांनी जे इच्छिले ते सारे तेथे होते. गायिकेस सर्वांत उंच आसन होते. धनिक व अधिकारी तिच्यापुढे वाकत होते. थाटास दोष द्यावा, तर तेही योग्य होणार नाही. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर उंची गालिचे, भरजरी शालू व अत्तराचा दरवळ काय कमी होता? पण तेथील प्रेक्षक आवडलेल्या पदास पुन्हा पुन्हा ‘वन्समोअर’ मागत, म्हणजे निदान ऐकत तरी होते. उणे होते ते आम्हांत. पूर्वी लोक गाणे ऐकत व गवयास बोलावीत नसत. आता आम्ही सर्वांस बोलावतो आणि गाणे ऐकत नाही. बाळकृष्णबुवांस गाळणारा तो मिरजेचा समारंभ आणि कांद्याचे भाव सांगणारे आम्ही, ह्यांत मोठे अंतर आहे असे आता वाटत नाही. एकाने गवयास दाराबाहेर ठेविले. दुसऱ्याने व्यासपीठावर बसवून कानाबाहेर ठेविले.

ह्याच मिरजेत मिरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले होते, आणि उरुसात दर्ग्यापुढे गाऊन हजेरी लावण्याचा त्यांचा परिपाठ असे. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनावर त्यांचा अंत झाला. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा भरते, आणि कलावंत तेथे बिदागी न घेता गातात-वाजवितात. तेथे ना मानचिन्ह, ना मानपत्र. त्या गावीच तंबोरे घडविणारी सतारमेकरांची घराणी आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा सुकवून, कोरून, जव्हारी लावून ज्यांनी सूर तयार केला ते कारागीर कोणत्याही झगमगीत व्यासपीठावर दिसत नाहीत. तरी लक्ष देऊन ऐकणारा तंबोऱ्याची तार छेडली जाताच त्यांस मनोमन ओळखतो. पुरस्कार एकास निवडतो, आणि निवडताना दहांस वगळतो. तो त्याचा स्वभावच आहे. श्रवण मात्र कोणासही वगळीत नाही. म्हणून पुरस्कारातून जो न्याय अपुरा राहतो तो श्रवणाने पुरा करावयाचा असतो, आणि ते काम परीक्षकांचे नसून सभेचे आहे.

आमच्या गावी पालखी येते तेव्हा दिंड्यांतून टाळ-मृदंगाचा गजर चालतो. गाणारा कोण आणि अतिथी कोण हे तेथे सांगता येत नाही. आणि भेट झाली की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ज्याने नमस्कार केला त्यालाच उलट नमस्कार घडतो. हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो, पण त्यातील अर्थ आता कोठे कळू लागला आहे. सगळ्या मैफली दिंड्या होऊ शकत नाहीत, हे आम्ही जाणतो. ख्याल एकानेच गावयाचा असतो आणि इतरांनी ऐकावयाचा असतो. परंतु जेथे एकाच्या वाट्यास गाणे येते तेथे दुसऱ्याच्या वाट्यास येणारा नमस्कार म्हणजे श्रवण. तो न करता केवळ उभे राहून टाळ्या पिटणे म्हणजे पायांकडे न पाहता हात जोडण्यासारखे आहे.

तेव्हा अतिथी समारंभात काही देणे लागतो काय, ह्या प्रश्नास आमचे उत्तर आता निराळे आहे. पुरस्काराची रक्कम, शाल, श्रीफळ हे यजमानाचे देणे. कान हे अतिथीचे देणे. यजमानाने आपले देणे कितीही थाटाने चुकते केले, तरी अतिथीने आपले बुडविले तर घेणाराच्या हाती पारितोषिक पडते, परितोष पडत नाही. आणि ज्या वयात तो सत्कार झाला त्या वयात बाईंस ह्या दोहोंपैकी कशाची वाण अधिक असेल, हे सांगावयास नको.

काही दिवसांनी आम्ही त्याच बाईंची एक जुनी ध्वनिमुद्रिका मिळविली. दिवे मालवून, दार लावून, कुटुंबासह ती आरंभापासून अखेरपर्यंत ऐकली. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि टाळ्या वाजविण्याचे तर सुचलेही नाही. ह्यामुळे आमचे देणे फिटले असे नाही. त्या रात्री दिव्यांच्या लखलखाटात डोळे मिटून त्या ज्यांच्यासाठी गायिल्या, त्यांत आम्ही होतो. आणि जे त्या वेळी द्यावयाचे ते मागाहून पोचविता येत नाही. पुन्हा असे आमंत्रण येईल न येईल. आलेच, तर शेजारच्या गृहस्थांस गाणे संपेपर्यंत थांबावयास सांगण्याइतका असभ्यपणा आम्ही अवश्य करू.