खरा ॲटनबरो कोण?

नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचे गाव आहे. आपल्याकडच्या 'कर'कारान्त आडनावांप्रमाणे तिथेही गावावरून आडनाव पडले. 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांच्यामुळे ते जगभर पोहोचले, तरी ते लावणारी घराणी थोडीच. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 इंग्रजी आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासून निष्कर्ष मांडले. स्मिथांचे आपसात काही विशेष नाते दिसले नाही. ॲटनबरोंपैकी मात्र सुमारे 87 टक्के एकाच पितृवंशाचे निघाले. इथे पूर्वपक्ष विचारतो, "मग उरलेले लोक नावापुरतेच ॲटनबरो ना? रक्त खरे मानायचे की नाव?"

उत्तर असे, की 87 टक्क्यांवरून मूळ पुरुष एकच होता हेही सिद्ध होत नाही. हे आडनाव आरंभी अनेकांनी लावले असेल. ज्यांना मुलगे झाले नाहीत त्यांच्या शाखा खुंटल्या आणि एक शाखा योगायोगाने फोफावली, असेही घडू शकते. दुर्मीळ आडनावात हा योगायोग फार प्रभावी ठरतो. शिवाय अविवाहित आईने मुलाला आपले आडनाव दिले, जावयाने वारशासाठी सासरचे नाव स्वीकारले, मूल दत्तक घेतले, तर गुणसूत्र बदलते. नाव मात्र राजरोस पुढे जाते. त्याला तोतयेगिरी कसे म्हणायचे?

"पण कागद खोटे असू शकतात, रक्त नाही," असे पूर्वपक्ष म्हणेल. मान्य; पण रक्त वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. याच संशोधकांच्या गटाने 2007 साली पूर्व यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या 18 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सात जणांत एरवी पश्चिम आफ्रिकेत आढळणारा पितृवंश सापडला. वंशावळी शोधल्यावर हे सात जण अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या दोन पूर्वजांपर्यंत पोहोचले. आता या अठरांत अस्सल कोण, सात की अकरा? माझ्या मते अठराही. गुणसूत्र म्हणजे बापाच्या बापाच्या बापाची एकच सरळ रेघ. दहा पिढ्या मागे गेलो तर त्या पिढीतल्या 1024 पूर्वजस्थानांपैकी ती एकाच स्थानाबद्दल बोलते. आडनाव कोणाचे, हे मात्र ते कोणी दिले, कोणी लावले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोणाला त्या नावाने ओळखले यावरून ठरत आले. ती तपासणी मला मोलाची वाटते ती वेगळ्या कारणाने: यॉर्कशायरच्या त्या घराण्यांत एक आफ्रिकी पूर्वजही होता, हे तिच्यामुळे कळले.