मंजुरी, नकार आणि अमानत

पहिल्या घरासाठी शासनाचे साहाय्य मागणाऱ्या प्रत्येक अर्जात एक घोषणापत्र असते. पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते. बहुतेक लोक ते न वाचताच सही करून मोकळे होतात. मुसलमानाच्या दृष्टीने मात्र ती सही ही साक्ष आहे, आणि साक्षीविषयी सूरह निसामधील आज्ञा स्पष्ट आहे: न्यायावर ठाम राहा, मग ती साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरुद्ध का जाईना.

आधी योजनेचे स्वरूप पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून 2015 मध्ये सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर 2024 पासून. या टप्प्यातील व्याज-अनुदान घटकात वार्षिक 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला 25 लाखांपर्यंतच्या गृहकर्जातील पहिल्या 8 लाखांवर, 12 वर्षांच्या मुदतीपर्यंत, 4 टक्के अनुदान मिळते. घराची किंमत 35 लाखांच्या आत असावी लागते. जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. येथे निर्णय दोन होतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्ज द्यावे की नाही हे बँक ठरवते. अनुदानाची पात्रता शासनाच्या निकषांवर ठरते. एका दारातून होकार आला म्हणून दुसरे दार उघडेलच असे नाही.

आता व्याजाचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शासकीय कर्जावरील सूट जर व्याजाइतकी किंवा त्याहून अधिक असेल तर प्रत्यक्षात व्याज उरतच नाही, असा विचार काही उलमांनी मांडला आहे. तो येथे लागू पडत नाही. 8 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 12 वर्षांत फेडले, तर व्याजच सुमारे पावणेपाच लाख होते. अनुदान त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. युरोपातील फतवा परिषदेने 1999 मध्ये तेथील मुसलमानांना राहत्या घराच्या निकडीपोटी सवलत दिली खरी, पण अनेक आलिमांनी ती मान्य केली नाही. आमच्या मते अनुदानाने व्याज हलाल होत नाही. मात्र याच योजनेत, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबाला कर्जाविना थेट अनुदान देणारा घटकही आहे. आपल्या वस्त्यांत त्याची माहिती फारशी पोहोचलेली नाही, याचे दुःख वाटते. घोषणापत्र तेथेही द्यावेच लागते. म्हणून पुढील विवेचन दोन्ही प्रकारच्या अर्जदारांसाठी आहे.

खरी कसोटी वारसाहक्काच्या ठिकाणी लागते. वडील वारले. गावात त्यांचे पक्के घर आहे. मिळकत पत्रिकेवर अजून त्यांचेच नाव. वारस नोंद कोणी केलेली नाही. शहरात भाड्याने राहणारा मुलगा लिहून देतो की माझ्या नावावर घर नाही. कागदोपत्री हे खरे आहे. परंतु शरीअतनुसार वडिलांचे कर्ज व वसीयत वजा जाता उरलेल्या मालमत्तेत त्याचा हिस्सा त्यांच्या मृत्यूच्या क्षणीच निश्चित झाला आहे; तलाठ्याच्या किंवा नगर भूमापन कार्यालयाच्या नोंदीची तो वाट पाहत नाही. हाच मुलगा भावाशी वाद झाल्यावर त्या घरात माझा हिस्सा आहे म्हणतो आणि अर्जावर माझे काहीच नाही म्हणतो. दोन्ही जिभा एकाच तोंडात कशा राहाव्यात?

याचा अर्थ तो अपात्रच आहे असे नाही. चार भावंडांत विभागलेल्या, राहण्यास न मिळणाऱ्या हिश्शाला योजनेने पक्के घर मानावे काय, हा नियमाच्या अर्थाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार नियम राबवणाऱ्याचा आहे. अर्जदाराचे काम एवढेच की वस्तुस्थिती लेखी मांडावी आणि उत्तरही लेखी घ्यावे. जो गप्प राहतो तो निर्णय घेणाऱ्याचा अधिकार आपल्या हाती घेतो. आणि ओघात आले म्हणून सांगतो, ज्या घरात बहिणीचा हिस्सा वर्षानुवर्षे अडकवून ठेवला आहे, त्या घराची वारस नोंद लावणे हे नव्या घराच्या अर्जाआधीचे काम आहे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे शंका मिटली, असे कित्येकांना वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस या समजुतीला जागा ठेवत नाही. मी माणूस आहे, एखादा वादी अधिक वाक्पटू असतो आणि मी ऐकले त्यावर निवाडा देतो. अशा निवाड्याने कोणाला भावाचा हक्क मिळाला तर तो आगीचा तुकडा होय, असा तिचा आशय आहे. जेथे खुद्द प्रेषितांचा निवाडा पराया हक्क हलाल करीत नाही, तेथे बँकेच्या शिक्क्याची काय कथा!

ही जबाबदारी टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यावरही आहे, किंबहुना अधिक आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवा व न्यायाने निर्णय करा, ही आज्ञा अधिकाऱ्यालाच उद्देशून आहे. बँकेजवळचा पैसा ठेवीदारांचा असतो. परतफेडीची ऐपत, पूर्वीची थकबाकी, जागेच्या कागदांतील दोष पाहून नाही म्हणणे अन्याय नव्हे. अन्याय होतो तो अर्जदाराचे नाव किंवा मोहल्ला पाहून फाइल बाजूला सरकवण्यात, आणि कारण न सांगण्यात. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेप्रमाणे नकाराचे मुख्य कारण लेखी कळवायचे असते. कारण लिहावे लागले की मनातला पूर्वग्रह लपवणे कठीण होते, हे त्या नियमाचे मर्म आहे.

मग नकार आल्यावर काय करावे? सब्र म्हणजे मुकाट्याने घरी बसणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांचे आचरण याच्या उलट होते. पतीने तोंडातून काढलेल्या जाहिली शब्दांनी त्यांचा संसार मोडत होता. त्या थेट प्रेषितांकडे गेल्या, आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या, आणि अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकल्याची ग्वाही सूरह मुजादलाच्या आरंभीच आहे. वाद घालणाऱ्या स्त्रीवरून एका सूरहचे नाव पडावे, यात अपील करणाऱ्यासाठी पुरेसा आधार आहे.

मार्ग असा आहे. आधी नकाराचे कारण लेखी मागावे. कारण पतअहवालातील चूक असेल तर पतमाहिती कंपनीकडे दुरुस्ती मागावी. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि दुरुस्तीची मुदत 30 दिवसांची आहे. बँकेच्या सेवेविषयी गाऱ्हाणे असल्यास प्रथम बँकेकडेच लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयात हात घालत नाही, म्हणजे कर्ज द्याच असे तो सांगणार नाही. विलंब, सेवेतील कसूर, नियमांचे उल्लंघन यांची दखल तो घेतो. अनुदानाविषयीची तक्रार शासनाच्या सार्वजनिक तक्रार निवारण व्यवस्थेकडे करता येते. आपल्या अर्जाचे काय झाले हे शासकीय कार्यालयाकडून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते.

हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लिहिल्याचे सांगितले जाते त्या पत्रात, काल दिलेला निवाडा आज चुकीचा वाटला तर सत्याकडे परतण्यास तो आड येऊ नये, असे बजावले आहे. हे न्यायाधीशाला सांगितले होते. पण ज्याचे अपील फेटाळले गेले आणि कारण वाचल्यावर ज्याला ते योग्य वाटले, त्यालाही तोच रस्ता मोकळा आहे.