अळी गेली, मावा राहिला

कपाशीचे पान अळीने कुरतडले की त्याची खबर झाडभर पोचते. जखमेपाशी इशारा देणारे जास्मोनिक आम्ल वाढते आणि पुढच्या काही दिवसांत नव्याने फुटणाऱ्या पानांच्या ग्रंथींत गॉसिपॉल व त्याच्या कुळातली विषारी द्रव्ये जास्त साठू लागतात. बचाव अळीविरुद्ध उभा राहिला तरी त्याची झळ त्याच झाडावर नंतर बसणाऱ्या माव्यालाही लागते. न कुरतडलेले पानही सावध होते, हे १९७२ साली ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन या संशोधकांनी बटाटा व टोमॅटोवर दाखवले होते : कोलोराडो भुंगेऱ्याने एक पान खाल्ले की दूरच्या पानांतही प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये साठत होती. म्हणजे एकमेकींची कधी गाठही न पडलेल्या दोन किडी झाडामार्फत एकमेकींचे बरेवाईट करत असतात. पीकसंरक्षणात मात्र आपण प्रत्येक कीड सुटी मोजतो, तिची सुटी नुकसान-पातळी ठरवतो आणि तिच्यावर सुटे औषध शोधतो. हा हिशेब मुळात अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे.

बीटी कपाशीने ते स्पष्ट करून दाखवले. भारतात या कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. तिच्या पेशींतच बोंडअळीला मारणारे प्रथिन असते, त्यामुळे अळी फार खाण्याआधीच मरते. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची दुसरी बाजू पुढे आली. अळीच खात नाही, त्यामुळे झाडाला इशारा मिळत नाही आणि गॉसिपॉलच्या कुळातली द्रव्येही वाढत नाहीत. अळ्यांनी खाल्लेल्या साध्या कपाशीवर माव्याची वाढ खुंटत होती, बीटी कपाशीवर तो सुखाने वाढत होता. झाडाची ताकद कुठे गेली नव्हती, ती जागी करणारा घावच पडला नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बीटी कपाशीच्या शेतांत मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी वाढल्या त्या बोंडअळीवरची फवारणी घटल्यामुळे, असे अनेकजण म्हणतात. चीनमध्ये बीटी कपाशीनंतर ढेकण्यांचा उपद्रव वाढला, त्याचे कारण संशोधकांना हेच सापडले. भारतात तुडतुड्यांना सहज बळी पडणाऱ्या संकरित वाणांचाही यात वाटा आहे. हे सगळे मला मान्य आहे. पण वरच्या अभ्यासात हरितगृहात फवारणीचा प्रश्नच नसतानाही फरक दिसतो, तेव्हा झाडाचा वाटा वेगळा मोजावा लागतो. कारण प्रत्येक वाट्याचा उपाय निराळा आहे. सगळा दोष कमी फवारणीवर टाकला की पुन्हा पंप पाठीवर येतो, आणि त्याची किंमत २०१७ साली यवतमाळच्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी फवारणीतल्या विषबाधेत जीव देऊन मोजली आहे.

मग शेतात अळ्या सोडायच्या का? अर्थात नाही. बचावासाठी झाडाला वाढीतून आणि बियांतून किंमत द्यावी लागते, आणि एका किडीचा घाव दुसरीला नेहमी रोखतोच असेही नाही. पांढरी माशी रस शोषते तेव्हा झाडात सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा जागी होते आणि जास्मोनिक आम्लाची मंदावते. त्यामुळे त्या झाडाचा पाने खाणाऱ्या किडींविरुद्धचा बचाव दुबळा पडू शकतो. उलट, कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांत रिचर्ड कार्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगामाच्या सुरुवातीला फारसे नुकसान न करणारा विलामेट कोळी वेलींवर सोडला, तेव्हा जास्त घातक असलेल्या पॅसिफिक कोळ्याचे प्रमाण घटले. म्हणून सरसकट नियम काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक जोडी त्या त्या पिकावर तपासावी लागेल, आणि हे काम किचकट आहे.

ते टाळता मात्र येणार नाही. बोंडअळीला रोखणारा नवा वाण तपासताना शेजारच्या वाफ्यात अळीने खाल्लेली साधी कपाशी ठेवावी, काही वाफे फवारणीविना राखावेत आणि दोन्हीकडच्या पानांवरचा मावा नि तुडतुडे मोजावेत. वाण बाजारात येण्याआधी ते आकडे शेतकऱ्याच्या हाती पडले पाहिजेत.